अण्णा, वर्ल्ड कप आणि १९५१ ची न हरलेली टीम

दिवस पहिला, मंगळवार २२ नोव्हेंबर २०२२, सॅन फ्रान्सिस्को

निघायच्या दिवशीच अर्जेंटिना सौदीकडून हरली. मॅच आमच्याकडे पहाटे दोनला. अण्णा, म्हणजे माझे वडील, हॉलमध्ये शाल गुंडाळून एकटेच बघत बसलेले, चारला मी पाणी प्यायला उठले तर टीव्ही बंद आणि अण्णा अंधारात तसेच बसून. "दोन-एक," एवढंच म्हणाले. कोल्हापूरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते की आमच्या पेठेत लग्न ठरवताना पत्रिका नंतर बघतात, आधी कुठल्या तालमीच्या टीमचे हे बघतात. अण्णा स्वतः सत्तरच्या दशकात आमच्या तालमीकडून स्टॉपर खेळायचे. आता वय बहात्तर, डावा गुडघा बदललेला, पण अर्जेंटिना हरली की दोन दिवस जेवण बेचव.

तर अशा माणसाला घेऊन मी फुटबॉलची ट्रिप काढली होती आणि तीसुद्धा अमेरिकन फुटबॉलची, ज्याला ते फुटबॉल मानतच नाहीत. झालं असं की मागच्या वर्षी चिरंजिवांची पळण्याची स्पर्धा केझार स्टेडियमला होती, तीन तास बसायचं होतं, तिथं बॉब सेंट क्लेअर हे नाव दिसलं, मैदानच त्याच्या नावाचं आहे, मी सहज मोबाईलवर शोधलं आणि त्या नादात १९५१ ची युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची टीम सापडली, टोपणनाव डॉन्स. नऊ मॅच, नऊ जिंकल्या. आणि त्यानंतर कॉलेजनं टीमच बंद केली. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं होतं, ते विसरले असतील असं वाटलेलं, पण इथं आल्यावर चौथ्या दिवशी विचारलं, "ती नऊ मॅचवाली टीम कुठं खेळायची?" नवऱ्याला ऑफिसची ऑन-कॉल ड्युटी होती, पोराला मित्र होते, मग आम्ही दोघंच निघालो.

फ्रीमाँटहून तासाभरात कॉलेज. टेकडीवर सेंट इग्नेशियस चर्चचे दोन मनोरे, जेसुइट लोकांचं कॉलेज, म्हणजे आपल्या मुंबईच्या झेवियर्सचे भाऊबंद. इथं आता अमेरिकन फुटबॉलचं नामोनिशाण नाही. एक छान हिरवं मैदान आहे ते आपल्या फुटबॉलचं. अण्णा जाळीला नाक लावून पाच मिनिटं बघत होते, "गवत खोटं दिसतंय," म्हणाले आणि तरी हलायला तयार नाहीत.

मला दाखवायचं होतं ते होस्टेल. दारावर नाव बर्ल टोलर. हा त्या १९५१ च्या टीममधला, मेम्फिसहून आलेला काळा पोरगा, डिफेन्समध्ये लाइनबॅकर खेळायचा. टीममध्ये काळे खेळाडू दोनच, दुसरा ऑली मॅटसन. आता गंमत बघा, या होस्टेलला २०१७ पर्यंत फेलन हॉल म्हणायचे. जेम्स फेलन म्हणजे शहराचा जुना मेयर, पुढे सिनेटर, आणि १९२० च्या निवडणुकीत या माणसाची घोषणा काय होती, तर 'कॅलिफोर्निया गोरं ठेवा'. पोरांनी मागणी लावून धरली आणि त्याच्या जागी टोलरचं नाव लागलं. अण्णांनी एक एक अक्षर जोडत नाव वाचलं. मग विचारलं, "हा काय खेळून मोठा झाला का?" तर नाही. १९५२ मध्ये कॉलेजच्या निवडक पोरांची प्रो टीमशी एक मॅच झाली त्यात याचा गुडघा गेला, प्रो म्हणून एकही मॅच खेळायला मिळाली नाही. शिक्षक झाला, इथल्याच शाळेत प्रिन्सिपॉल झाला आणि १९६५ पासून एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या प्रो फुटबॉलच्या लीगमध्ये, रेफ्रींच्या पथकात, तिथला पहिला काळा पंच. गुडघा म्हटल्यावर अण्णांचा हात आपोआप स्वतःच्या गुडघ्यावर गेला. "त्या वेळी बदलत नव्हते ना," म्हणाले.

केझार तिथून जवळच, गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यात. १९२५ चं स्टेडियम, एके काळी जवळपास साठ हजार माणूस बसायचं. १९८९ ला पाडलं आणि दहा हजारांचं छोटं बांधलं. लाल खुर्च्या दिसतात त्या कँडलस्टिक पार्क नावाचं दुसरं स्टेडियम पाडलं तिथून आणून बसवल्यात, म्हणजे एका मेलेल्याचे कपडे दुसऱ्याला. बॉब सेंट क्लेअर समोरच्याच शाळेत शिकला, शाळेच्या मॅच इथं, कॉलेजच्या मॅच इथं, पुढे इथल्याच प्रो टीमकडून, फोर्टी-नाइनर्सकडून, खेळला ते पण इथंच. सहा फूट नऊ इंच उंची आणि कच्चं मांस खायचा. हे सांगितल्यावर अण्णांची अर्जेंटिना जरा मागे पडली. "कच्चं? म्हणजे रस्साच नाही?" कोल्हापूरच्या माणसाला यातलं दुःख वेगळंच.

गॅलरीत बसून मी त्यांना खेळ समजावला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार मिळतात, नाही तर बॉल समोरच्याला. अण्णा म्हणाले म्हणजे कबड्डीच, फक्त दम धरायचा नाही. बरोबर आहे की. मग मॅटसनची फोर्डहॅमविरुद्धची मॅच सांगितली. २० ऑक्टोबर १९५१, न्यूयॉर्कच्या रँडल्स आयलंडवर, या किनाऱ्यावरची टीम त्या किनाऱ्यावर जाऊन खेळली. किकऑफ म्हणजे समोरचा बॉल लांब मारतो, तो तुम्ही झेलायचा आणि अकरा जण अंगावर येत असताना पळायचं. मॅटसननं एकदा झेलला आणि ९४ यार्ड पळत शेवटच्या रेषेपार, पुन्हा झेलला तर ९० यार्ड. अख्खं मैदान १०० यार्डांचं. एका मॅचमध्ये दोनदा. स्कोअर ३२-२६, म्हणजे या दोन धावा नसत्या तर हरलेच असते. त्या सीझनमध्ये बॉल घेऊन पळून त्यानं १,५६६ यार्ड काढले, देशात सगळ्यात जास्त.

आणि मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं अण्णा, हाच मॅटसन १९५२ ला हेलसिंकीला गेला, ४०० मीटरमध्ये ब्राँझ आणि रिलेत सिल्व्हर. अण्णा एकदम सरळ बसले. "खाशाबांच्या ऑलिम्पिकमध्ये?" हो, खाशाबा जाधवांच्याच, त्याच आठवड्यात. मग पुढची वीस मिनिटं गोळेश्वर, राजाराम कॉलेज, प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी घर गहाण ठेवून दिलेले सात हजार, हे सगळं मला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगितलं. मी शंभरदा ऐकलंय. ऐकलं परत. निदान सौदी डोक्यातून गेली.

दिवस दुसरा, बुधवार, कॉर्निंग

सकाळी जपाननं जर्मनीला हरवलं, अण्णा खूष, कारण आता दुःखात सोबती मिळाला.

कॉर्निंगला कशाला जायचं हे नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोपासून उत्तरेला तीन तास, सगळी ऑलिव्हची शेती. तर सीझन सुरू व्हायच्या आधी कोच ज्यो कुहॅरिच पोरांना इथं आणून रगडायचा. उन्हाळ्यात इथं पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि त्या काळात प्रॅक्टिसला पाणी देणं म्हणजे लाड समजायचे. या टीममधली बरीच पोरं नाजूक वयाची नव्हतीच म्हणा. जीनो मार्केटी घ्या, इटालियन आईबापांचा, अँटिओकचा, अठराव्या वर्षी सैन्यात जाऊन जर्मनीच्या आघाडीवर मशीनगन चालवून आलेला. युद्धावरून येऊन बारमध्ये काम करत होता, कोचला भेटायला गेला तो मोटरसायकलवर, चामडी जाकीट घालून. कोचला अवतार काही पसंत पडला नव्हता. हाच पुढे प्रो फुटबॉलच्या सर्वकाळच्या थोर डिफेन्सवाल्यांत गणला गेला. मार्केटी, मॅटसन आणि सेंट क्लेअर, एका कॉलेजच्या एकाच टीममधले तीन जण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे प्रो फुटबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत. शिवाय या पोरांच्या बातम्या पेपरवाल्यांकडे पोचवायचं काम करणारा पीट रोझेल, तोही, कारण तो १९६० ला अख्ख्या एनएफएलचा कमिशनर झाला. एवढी माणसं एका छोट्या कॉलेजात एका वर्षी, आपल्याकडे म्हणतात तसं त्या वर्षी पाणीच वेगळं असणार.

कॉर्निंगमध्ये बघायला त्यांचं काहीही नाही. ऑलिव्हचं मोठं दुकान आहे, तिथं चव बघायला वाट्या मांडलेल्या असतात, लसणाचे, मिरचीचे, अजून कसले कसले. अण्णांना ते लोणचं म्हणून पसंत पडलं. पण त्याआधी एक प्रकार झाला. रस्त्याकडेच्या झाडाला काळी टपोरी फळं लगडलेली बघून मी गाडी लॉक करेपर्यंत अण्णांनी एक तोडून तोंडात टाकलं, जांभळासारखं. झाडावरचं ऑलिव्ह क्षारात मुरवल्याशिवाय खाता येत नाही. त्यांचं तोंड जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही, थुंकतायत, पाणी मागतायत आणि मध्येच म्हणतायत, "कारलं बरं गं याच्यापेक्षा."

रात्रीच्या मोटेलमधला हीटर घों घों आवाज करायचा आणि गार हवा सोडायचा. मालक गुजराती निघाले, त्यांनी घरातली रजई आणून दिली आणि सकाळी आल्याचा चहा, त्यामुळे तक्रार करायला जागाच राहिली नाही. अण्णा मोज्यावर कोल्हापुरी चपला घालून झोपले.

दिवस तिसरा, गुरुवार, स्टॉकटन

सकाळी धुकं असलं की काय सांगू. या खोऱ्यात हिवाळ्यात जमिनीलगत धुकं धरतं, त्याला टुली धुकं म्हणतात, बोनेटच्या पुढचं दिसत नाही. साठ मैलांच्या रस्त्याला दोन तास. अकराला ब्राझीलची मॅच सुरू झाली तेव्हा आम्ही सॅक्रामेंटोच्या खाली होतो, अण्णा मोबाईलवर बघत होते आणि रिचार्लिसनचा दुसरा गोल झाला, तो उलटा हवेत फिरून मारलेला, तेव्हा एवढ्यांदा ओरडले की मी ब्रेक मारला. मागे ट्रक नव्हता म्हणून हे लिहितेय.

स्टॉकटन या सगळ्या गोष्टीचं मुख्य गाव. १७ नोव्हेंबर १९५१, सीझनची आठवी मॅच, समोर इथलंच कॉलेज ऑफ द पॅसिफिक. डॉन्सनी ४७-१४ ने धुतलं. आता फक्त लॉस एंजेलिसच्या लोयोलाशी एक मॅच उरली होती आणि त्यानंतर बोल गेमचं आमंत्रण येणार असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. बोल गेम म्हणजे सीझन संपल्यावर एक जानेवारीच्या आसपास मोठ्या मॅच होतात, ऑरेंज, शुगर, गेटर अशी नावं, त्यात खेळायला आमंत्रण लागतं आणि आमंत्रणाबरोबर घसघशीत पैसे. कॉलेजला पैशांची निकड होती. केझारला शेजारीच १९४६ पासून प्रो टीम खेळायला लागलेली, लोक तिकडे जायचे, कॉलेजचा फुटबॉलचा हिशेब दर वर्षी तोट्यात.

निरोप आला तो असा की दक्षिणेतल्या बोलमध्ये यायचं तर ते दोन काळे खेळाडू घरी ठेवून या. मॅटसन आणि टोलर.

टीमनं नाही म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच, असं त्यातली माणसं म्हातारपणापर्यंत सांगत राहिली. बोलवाल्यांच्या बाजूनं कारण बाहेर आलं ते वेगळंच, की यांचं शेड्यूल सोपं होतं. आता खरं सांगायचं तर शेड्यूल काही फार कडक नव्हतंच, नऊपैकी दोन मॅच मिलिटरीच्या टीमशी, सॅन होजे स्टेटशी तर दोनदा खेळले. हे मी मान्य करते. पण मग मला एक सांगा, ज्या पॅसिफिकला यांनी ४७-१४ ने हरवलं ते पॅसिफिक एक जानेवारी १९५२ ला टेक्सासमध्ये सन बोल खेळायला गेलं, ते कुठल्या हिशेबात? (हरले तिथं, टेक्सास टेककडून २५-१४.) अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पाहुण्यांनी मारलं आणि वऱ्हाड यांचं गेलं."

पॅसिफिकचा कॅम्पस देखणा आहे, विटांच्या इमारती, मोठाली झाडं, सुट्टीमुळे चिटपाखरू नाही. ते स्टेडियम मात्र गेलं. यांनीही १९९५ नंतर फुटबॉल बंद केला आणि पुढे स्टेडियम पाडलं. आम्ही धुक्यात जागा शोधत दोन चकरा मारल्या, मग नाद सोडला.

थँक्सगिव्हिंगचा दिवस, खायला सगळं बंद. मला आधीच माहीत होतं कुठं जायचं. स्टॉकटनचा गुरुद्वारा १९१२ चा, अमेरिकेतला सगळ्यात जुना. गदरवाल्या, म्हणजे परदेशातून इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या, लोकांचा इथं राबता होता, आणि गदर म्हटलं की आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आलेच, ते त्याच्या सुरुवातीच्या मंडळींतले. एका म्हाताऱ्या सरदारजींनी विचारलं कुठले, अण्णा म्हणाले महाराष्ट्र, तर त्यांचा चेहरा उजळला, "हजूर साहिब! नांदेड!" आता कोल्हापूर ते नांदेड किती लांब हे त्यांना काय सांगायचं, अण्णांनी हो म्हणून टाकलं.

बाजूला टेबलखुर्च्या होत्या पण अण्णा हट्टानं खाली पंगतीत बसले, बदललेला गुडघा पुढे लांब करून. कप्प्यांची स्टीलची ताटं. वॉरियर्सची निळी जर्सी घातलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा बादलीतून डाळ वाढत होता, त्याला अंदाज येत नव्हता, डाळ खिरीच्या कप्प्यात. डावीकडे एक ट्रक ड्रायव्हर, उजवीकडे बहुतेक मेक्सिकन कुटुंब, त्यांच्या लहान मुलीनं डोक्याचा रुमाल चार वेळा पाडला. पोळी घ्यायला दोन्ही हात पुढे करायचे. अण्णांनी केले. मग बराच वेळ खाली ताटात बघत राहिले, मला वाटलं पाय दुखतोय.

गाडीत बसलो, मी किल्ली फिरवणार तर म्हणाले थांब जरा.

"बहात्तर साली आम्ही बाहेरगावी टुर्नामेंटला गेलेलो. दुष्काळाचं साल. एका वाड्यात उतरवलं होतं, माणसं चांगली होती, चांगली म्हणजे पैसेवाली. सकाळी चहा आला. सगळ्यांना कपबशी आणि आपल्या लेफ्ट आऊटला, डावीकडून पुढे खेळायचा त्या पोराला, कोनाड्यातला कप, कान तुटलेला. बाहेर पायरीवर बस म्हणाले. पिऊन झाल्यावर धुऊन परत तिथंच ठेव."

मी विचारलं, मग?

"मग काय. आम्ही चहा प्यालो."

धुकं काचेवर जमलं होतं, मी वायपर लावला, उगाच.

"मॅच जिंकली. दोन-शून्य. त्यातला एक त्यानंच मारला. लई पळायचा. पुढच्या सीझनला प्रॅक्टिसला आला नाही, गिरणीत कामाला लागला म्हणून कळलं. कुणी विचारायला गेलं नाही."

"कॅप्टन कोण होतं?"

"मीच की."

ही गोष्ट मी चव्वेचाळीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. शाहू स्टेडियममध्ये त्यांच्या खांद्यावर बसून मॅच बघितल्यात मी, त्यांचे सगळे गोल, सगळ्या मारामाऱ्या, कुठल्या रेफ्रीला कुणी चोपलं, सगळं पाठ आहे. हीच राहिलेली.

दिवस चौथा, शुक्रवार, नुसता रस्ता

पासाडेनाला साडेपाच तास सांगतात, आम्हाला आठ लागले, निम्मी कॅलिफोर्निया रस्त्यावर. इंग्लंड-अमेरिका शून्य-शून्य, अण्णा झोपले. घाट चढताना जागे झाले तेव्हा सांगितलं की मॅटसनला १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनं घेतला तर त्याच्या बदल्यात नऊ जण दिले, आणि घेणारा मॅनेजर कोण तर तोच पीट रोझेल, कॉलेजात त्याच्या बातम्या लिहिणारा. "एकाला नऊ?" अण्णांनी विचारलं. आणि मग तालमीत कुणाच्या बदल्यात कोण किती द्यायचं असले हिशेब करत बसले, ते इथं लिहिले तर मला गावात येता येणार नाही.

दिवस पाचवा, शनिवार, पासाडेना

डॉन्सची शेवटची मॅच २४ नोव्हेंबर १९५१ ला पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये, लोयोलाविरुद्ध, २०-२. मी अण्णांना हे सगळं साग्रसंगीत सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "रोझ बोल? बॅजिओचं?"

डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. १९९४ च्या वर्ल्ड कपची फायनल इथलीच, ब्राझील-इटली, बॅजिओनं पेनल्टी वरून मारली ती इथं. त्या रात्री आमच्या घरी अर्धी गल्ली जमलेली, एवढं मला आठवतं. अण्णा गेटच्या जाळीतून आत बघत राहिले आणि कुठल्या बाजूच्या गोलवर मारली असेल याचा अंदाज घेत होते. १९५१ ला त्यांनी साफ बाजूला सारलं, आणि मला वाईट वाटलं नाही, कारण जिथं जायचं त्या जागेनं काही दाखवलं तरच मजा, नाही तर दरीतलं एक मोठं भांडं आणि भोवती पळणारे, कुत्री फिरवणारे लोक.

बाहेर जॅकी रॉबिन्सनचा पुतळा आहे. पुढे बेसबॉलमध्ये रंगाची भिंत पाडली तोच, पण हा पुतळा फुटबॉलच्या वेशात, बगलेत बॉल धरून पळतानाचा, तो पासाडेनाच्या कॉलेजकडून खेळायचा म्हणून. त्याच्या जवळ बसून आम्ही आदल्या दिवशीचे पराठे खाल्ले आणि मी बर्ल टोलरचं राहिलेलं सांगितलं. १९५१ ला शेवटची मॅच याच मैदानावर खेळला, घरी गेला, टीम बंद, गुडघा गेला. आणि जानेवारी १९८० मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, या मैदानावर झाला तेव्हा पट्ट्यापट्ट्याचा शर्ट घालून पंच म्हणून तो इथं उभा होता. लोयोलाचंही सांगून टाकते, त्यांनीही फुटबॉल त्याच वर्षी बंद केला. म्हणजे त्या दुपारी समोरासमोर खेळलेल्या दोन्ही टीमना पुढची मॅच नव्हतीच.

"मॅटसनला आणि याला नंतर काय वाटलं असंल," अण्णा म्हणाले, "आपल्यामुळं बाकीच्यांचं गेलं म्हणून."

हा प्रश्न मला वर्षभर वाचून पडला नव्हता.

अकराला अर्जेंटिना-मेक्सिको. मोबाईल पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकवून ठेवला. पहिला हाफ भयंकर, अण्णा शिव्या देत होते त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, बाजूनं जाणारा एक मेक्सिकन माणूस वाकून स्कोअर विचारून गेला आणि नंतर थांबलाच. चौसष्टाव्या मिनिटाला मेस्सीनं लांबून खालून मारला. अण्णा काही ओरडले नाहीत. त्या माणसाकडे बघून हात जोडले, सॉरी म्हटल्यासारखे, आणि तो हसला.

घड्याळ त्यांनी अजून भारताच्या वेळेवरच ठेवलंय. गाडीकडे जाताना ते बघून म्हणाले, "तिकडं दोन वाजलेत. झोपला असंल."

कोण ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मोटेलवर आल्यावर गावाकडे आमच्या चुलत्यांना फोन लावला, चुलत्यांनी कुणाला तरी विचारून एक नंबर पाठवला, लेफ्ट आऊटच्या पोराचा, तो रंकाळ्यावर गाडी लावतो म्हणे. साडेआठला, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, अण्णांनी चष्मा लावून एक एक आकडा दाबला, माझ्याकडे दिला नाही. रिंग वाजायला लागली तेव्हा मी बर्फ आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. व्हरांड्यातल्या मशीनमधून बर्फ पडायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा बराच वेळ तिथं उभी राहिले, बादली गळायला लागली.

आत आले तेव्हा टीव्हीवर सकाळच्या मॅचचा रिप्ले चालू होता.

दिवस सहावा, रविवार, परत

सकाळी सातला निघालो. पेट्रोल पासाडेनापेक्षा घाट उतरल्यावर स्वस्त, लक्षात ठेवा. कोअलिंगाजवळ हायवेला लागून हजारो गुरं कोंडलेली आहेत तिथला वास मैलभर आधी येतो, अण्णांनी काच खाली केली, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वैरण बदलायला पाहिजे यांची." मग मी वर करायला सांगेपर्यंत काच तशीच.